एका नंबरवर अख्खं घर

दुकान क्लाउडवर न्यायचं खूळ माझंच. आईनं ते कधी मागितलं नव्हतं. नांदेडात जुन्या मोंढ्याकडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. समोर साड्यांचं दुकान, शेजारी रक्त-लघवी तपासायची लॅब. साडीवाल्यांना गोदामात काय शिल्लक आहे ते गादीवर बसल्या बसल्या मोबाईलवर दिसायला लागलं. लॅबचे रिपोर्ट पेशंट घरी पोचायच्या आत त्याच्या फोनवर जायला लागले. आणि आमची आई अजून लांबोड्या वहीत शाईपेनानं मापं लिहून राहिली होती. मला त्याची लाज वाटायची, हे आधीच कबूल करून टाकते.

निमित्तही झालं. भावाची बदली लातूरला झाली आणि वहिनीनं तिकडे क्लासेसच्या भागात दोन खोल्या घेऊन आमच्याच नावानं दुकान थाटलं. आमच्याकडच्या पोरी दहावी झाली की लातूरला जातात, होस्टेलात राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत पुस्तकात डोकं घालून बसतात. त्यांच्या आया कापड घेणार नांदेडात, आणि ड्रेस घालणारी पोरगी लातुरात. मी वहीच्या पानांचे फोटो काढून वहिनीला पाठवायचे. ते धुरकट यायचे. एकदा एका आजीच्या परकराचं माप बारावीच्या पोरीच्या सलवारीला लागलं आणि ती पोरगी सलवारीत दोनदा मावली. त्या दिवशी मी जाहीर केलं, की वही बंद.

सॉफ्टवेअर विकायला जो माणूस आला तो कडक इस्त्रीचा आणि मऊ बोलणारा होता. दुकानात पाणी शिरलं, वहीला वाळवी लागली, तरी तुमची मापं सुखरूप राहणार, असं त्यानं आईला समजावलं. आईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "मंग ती मापं असतेत कुठं?"

"सर्व्हर असतात मावशी. तुमचा बहुतेक हैदराबादला असेल."

"हैदराबादला व्हय? मंग बरंय. तिथं माझी मावसबहीण हाय."

तो हसला नाही, याबद्दल मला तो माणूस आवडला. आईच्या लेखी काम झालं होतं. आपली वस्तू मावसबहिणीच्या गावात आहे म्हणजे अगदीच परक्या ठिकाणी नाही.

आता मापं कशी लावायची, हा प्रश्न आला. नावानं लावावीत तर आमच्या गिऱ्हाइकांत एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या चार-चार बाया. मग मोबाईल नंबर. पण आमच्याकडे बायकांना नंबर विचारला की त्या नवऱ्याचा सांगतात. स्वतःचा फोन हातात असला तरी नवऱ्याचाच सांगतात, कारण तो पाठ असतो आणि तो कधी बदलत नाही. सासू तोच सांगते, सून तोच सांगते, लेक तोच सांगते. मी याच्यावर माझ्या मते फार हुशारीचा तोडगा काढला. एका नंबरवर अख्खं घर. नंबर टाकला की त्या घरातल्या सगळ्या बायकांची नावं एकाखाली एक येणार, नावावर बोट ठेवलं की माप उघडणार, नांदेडात काय आणि लातुरात काय. मी स्वतःवर इतकी खूश होते की दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत फिरले.

मग दुपारी दुपारी आईनं वही वाचायची आणि मी टॅबवर टाइप करायचं, असं काम सुरू झालं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आईच्या वहीत आकड्यांपेक्षा खुणाच जास्त आहेत. उतरती रेघ म्हणजे एक खांदा खाली. टिंब म्हणजे दिवस गेलेत पण अजून घरी सांगितलेलं नाही, शिलाईत कापड राखून ठेवायचं. फुली म्हणजे पाठीवर भाजल्याचा डाग, गळा मागून मोठा कापायचा नाही, आणि कापू नको असं तिनं सांगायची वाट बघायची नाही. पडद्यामागे आईच्या टेपसमोर बायका उभ्या राहतात तेव्हा त्या काही सांगत नाहीत, पण अंग सगळं सांगून जातं. आई ते एका खुणेत टिपून ठेवायची आणि विसरून गेल्यासारखी वागायची. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी तिची लेक असून हे कुठून आलं, असं घरात सगळे विचारतात.

एका पानाशी ती थांबली. त्या मापाशेजारी नुसती अर्धी चंद्रकोर होती.

"हे ऱ्हाऊ दे. आकडे टाक नुसते."

मी चिडले. टाइप करून बोटं दुखत होती आणि वर हे. "आई, एक तर सगळं लिहायचं, नाहीतर काहीच नको. उद्या तू आजारी पडलीस, दुकानात नसलीस, तर शिवणारीला कसं कळणार?"

आईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिला माझ्याशी वाद घालता येत नाही, कारण मी आवाज चढवते आणि ती चढवत नाही. मग तिनं सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.

त्या बाईंना मी चांगली ओळखत होते. पंचेचाळिशीच्या, गोऱ्या, मुदखेडकडे शेती आणि नांदेडात घर असलेल्या. फार बोलणाऱ्या नव्हेत, पण आल्या की पिशवीतून काहीतरी काढून ठेवणार, कधी हरभऱ्याचा डहाळा, कधी घरची हळद. त्यांची एकुलती एक मुलगी लातूरला मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती. ती बारावीत गेली त्याच उन्हाळ्यात यांच्या छातीत गाठ निघाली. हैदराबादला ऑपरेशन झालं, डावी बाजू पूर्ण काढली. गाठ लवकर सापडली म्हणून केस जाणारी औषधं लागली नाहीत, गोळ्यांवर भागलं. आणि त्यांनी मुलीला सांगितलं, की गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय. आमच्या भागात ते इतक्या बायकांचं होतं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

"तिला कळलं तर ती सगळं सोडून घरी येऊन बसंल," असं त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या. "तिचं वर्ष जाऊ द्यायचं न्हाई मला. परीक्षा होईस्तोवर तुम्ही फकस्त एवढं करा मावशी, तिला बघून कळू नये असं शिवा."

आईनं तसं शिवलं. आतून मऊ अस्तर, त्यात कापसाची घडी, वजन दोन्हीकडे सारखं राहील असं. असे ब्लाउज तिनं तीनदा उसवले आणि चौथ्यांदा जमले. पोरगी राखीला दोन दिवस आली, आईच्या गळ्यात पडली, परत गेली. तिला काही कळलं नाही. त्या आठवड्यात बाईंनी आमच्याकडे पेढे आणून दिले होते. कशाचे ते मी विचारलं, तर "असेच" म्हणाल्या.

मी टॅबवर शेऱ्याच्या जागी नीट, शुद्ध भाषेत लिहिलं: डावी बाजू आतून भरणे. हात पूर्ण वर जात नाही, हुक पुढे ठेवणे. ऑपरेशन कशाचं ते मुलीला माहीत नाही, तिच्यासमोर बोलू नये. आणि सेव्ह केलं.

दिवाळीला दोन आठवडे उरले असताना एके दिवशी मी लातूरला होते. तेव्हा मी आठवड्यातून एकदा सकाळच्या बसनं जायचे, वहिनी कापायच्या टेबलावर, मी काउंटरवर. क्लासला सुट्टी असेल, पोरींची ही गर्दी. त्यात एक सडपातळ पोरगी, खांद्याला जड सॅक, हातात कागदी पिशवी. पिशवीत मोरपंखी रंगाचं काठाचं कापड होतं.

"ताई, माझ्या आईचा ब्लाउज शिवायचाय. तिला न सांगता. दिवाळीला द्यायचाय. तिचं माप नांदेडच्या दुकानात आहे, ते इथं दिसतं म्हणे."

"दिसतं की," मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले. "नंबर सांग."

तिनं वडिलांचा नंबर सांगितला. यादी आली. समोर आणखी चारजणी ताटकळत होत्या, एकीला मी दुपट्टा दाखवत होते. मी टॅब तिच्याकडे फिरवला आणि म्हटलं, "बघ, यातलं आईचं नाव दाब."

मी फिरवला. दुसऱ्या कुणी नाही. यादीतल्या नावाकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं.

दुपट्ट्याची घडी करून मी वळले तेव्हा ती स्क्रीनकडे बघत होती. वाचून झालं होतं, तरी बघत होती. मग मी वाचलं.  मी टॅब ओढून घेतला, तेही वेड्यासारखं, कारण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. वहिनीला बाहेर काउंटरवर पाठवलं. पोरगी रडली नाही. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "पिशवीचं नव्हतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"डावी बाजू म्हणजे..." ती थांबली. ती डॉक्टरकीचाच अभ्यास करत होती, तिला सांगायची गरज नव्हती. "आता बरी आहे का ती?"

जे मला माहीत होतं ते सगळं मी सांगितलं. गाठ लवकर सापडली. गोळ्या चालू आहेत. दुकानात चालत येतात, एकट्या येतात, चेहऱ्यावर तेज आहे.  मी म्हटलं, "माझी चूक झाली गं. माझ्या आईनं नको म्हटलं होतं लिहायला."

 ती पिशवीतल्या कापडाचा काठ बोटानं सरळ करत बसली. मग म्हणाली, "ताई, मला कळलंय हे तिला सांगू नका."

"कामून? बोल की तिच्याशी. हा घे माझा फोन."

"नाही. तिला वाटतंय, ती माझं वर्ष वाचवून राहिली. त्याच्यावरच ती उभी आहे. मला कळलं असं तिला समजलं, तर ती आजारी पडेल. परीक्षा होऊ द्या. तुमच्या आईलाही नका सांगू. त्या तिच्यासमोर बसतात, त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल."

सतराअठरा वर्षांची पोरगी. मी तिच्यापेक्षा दुपटीनं मोठी, आणि मी मान हलवून तिला शब्द दिला.

ती निघाली तेव्हा मी म्हटलं, ब्लाउज शिवून ठेवते. तिनं विचार केला आणि कापड परत पिशवीत घातलं.

"अंगात बरोबर बसला तर तिला कळेल, की मला माप कळलंय. आणि चुकीचा शिवून कसा देऊ? मी नुसतं कापडच देते. ती तुमच्याकडंच आणील."

ती रस्ता ओलांडून होस्टेलकडे गेली. मला तिला हाक मारून जवळ घ्यावंसं वाटलं. मी नाही मारली, आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

त्या दुपारीच मी शेरा पुसला. मग एकेक करून सगळे शेरे पुसले, टिंबं, फुल्या, उतरत्या रेघा, आईनं विश्वासानं सांगितलेलं सगळं. मऊ बोलणाऱ्या माणसाला फोन करून त्याच्यावर तोंड टाकलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, कुणाला काय दिसावं याची सोय पहिल्यापासून आहे. तुम्हीच सगळ्यांना सगळं दिसू दे असं ठेवलं होतं." खरं होतं. त्यानं पहिल्या दिवशी ते दाखवलं होतं, तेव्हा मी चहा आणायला उठले होते. आता शेऱ्यांची जागाच बंद केली. एका नंबरवरचं घर मोडून प्रत्येकीला वेगळं खातं दिलं. आईनं विचारलं, एवढं लिहिलेलं कामून पुसलंस? मी म्हटलं, असंच, तुझ्या वहीत आहेच की. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि वही पुन्हा गल्ल्याशेजारी ठेवायला लागली.

दिवाळीनंतर बाई आल्या. पिशवीतून मोरपंखी कापड काढलं. "लेकीनं आणलंय," म्हणाल्या. "पहिल्यांदाच आईसाठी काही घेतलं बगा तिनं. मी म्हणलं शिवूनच आणायचंस की. तर म्हणली, तुझं माप मला काय ठावं?"

आई कौतुकानं कापडावर हात फिरवत होती. मी बिलबुकात डोकं घातलं. दर वेळी त्या आल्या की मी काहीतरी काम काढायचे. त्या लेकीचं सांगायच्या: रोज आठ वाजता फोन करते, अभ्यास चांगला चाललाय, हसती-खेळती आहे, "तिला काहीच ठावं न्हाई, बरं झालं." आणि आई म्हणायची, "आता थोडेच महिने राहिले." दोघींचे चेहरे असे उजळलेले असायचे, की मला ओरडून सांगावंसं वाटायचं. नाही सांगितलं. सात महिने मी आईशेजारी बसून जेवले, तिच्याशी भांडले, तिच्या पायाला तेल चोळलं, आणि हे एक सांगितलं नाही. मला इतकं जड काहीच गेलं नव्हतं. तोपर्यंत मला वाटायचं, गप्प बसायला काय लागतं.

परीक्षा झाली. पोरगी घरी आली, आणि चारपाच दिवसांनी मायलेकी दोघी दुकानात आल्या. घरात कुणाचं तरी लग्न होतं, दोघींना शिवायचं होतं. सकाळची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाई नेहमीसारख्या एकट्या पडद्यामागे गेल्या. आई टेप घेऊन मागोमाग गेली. पोरगी बाकड्यावर बसली. माझ्याकडे तिनं एकदाच बघितलं.

मग ती उठली, पडद्यापाशी गेली आणि म्हणाली, "आई, मी आत येऊन राहिले."

"थांब, थांब," आतून बाईंचा घाबरा आवाज. "माप चालू हाय माझं. बाहीर बस."

ती आत गेली. पडदा तिच्यामागे हलला आणि थांबला. मी काउंटरशी उभी होते. एवढ्याशा दुकानात न ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येतं.

"हात खाली घे आई. दुखंल."

 रस्त्यावरून एक ऑटो गेला. मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"कुणी सांगितलं?"

माझे पाय आपोआप पडद्याकडे वळले. पण पोरगीच आधी बोलली. "कुणी न्हाई. मी वाचलं."

कुठं वाचलं, हे बाईंनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "आन् मंग पेपर कसा दिलास तू?"

"तू रोज फोनवर कशी बोलायचीस? तसाच दिला."

थोड्या वेळानं आई बाहेर आली. टेप तिच्या हातातच राहिला होता. तिनं मागे वळून पडदा दोन्ही बाजूंनी नीट ओढून घेतला आणि बाकड्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसले.

"कुठं वाचलं तिनं?"

"लातूरला. मी लिहिलेलं. मीच टॅब तिच्याकडं फिरवला."

आईचा चेहरा मला बघवेना. मी बाईंना शब्द दिला होता, असं ती म्हणेल, मी म्हटलं होतं लिहू नको, असं म्हणेल, या सगळ्याला माझी तयारी होती. पंचवीस वर्षांत कुणाचीही गोष्ट तिच्या पडद्याबाहेर गेली नव्हती.

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तिनं सांगू नका म्हटलं."

आईनं मान हलवली. टेपची गुंडाळी करायला लागली, अर्धी केली आणि माझ्या हातात दिली.  

"मंग बरं केलंस," ती म्हणाली.

आत दोघींमधलं कोण रडत होतं ते कळत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या दुकानातून दोन बायका साड्यांच्या पिशव्या घेऊन आमची पायरी चढायला लागल्या. आई गुडघ्यावर हात टेकून उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अर्ध्या तासानं या बाई. आत माप चालू हाय."